फाइल उडवली, तरी डिस्क भरलेलीच: जागा अडकते कुठे आणि सोडवायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्स सर्व्हरचं रूट पार्टिशन (डिस्कचा मुख्य भाग) भरलं, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा संदेश यायला लागला, म्हणून तुम्ही /व्हार/लॉगमधली १५ जीबीची एक लॉग फाइल उडवली. तरीही डीएफ (पार्टिशनमधली वापरलेली आणि शिल्लक जागा सांगणारी कमांड) म्हणतो ५० जीबीपैकी ४७ वापरात, शिल्लक शून्य, १०० टक्के. डीयूने (फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या कमांडने) सगळं मोजलं तर बेरीज जेमतेम ३२ जीबी. मधली जागा गेली कुठे, आणि एरवी कमांड लाइनवरून जागा मोकळी करायची ती कोणत्या क्रमाने?

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ४७ वजा ३२ म्हणजे १५. तुम्ही उडवलेली फाइलही १५ जीबीचीच. म्हणजे ती फाइल अजून डिस्कवरच आहे, फक्त दिसेनाशी झाली आहे.

(पुढच्या सगळ्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाकायच्या. अक्षर कॅपिटल हवं असेल तिथे तसं सांगेन.)

लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइलमधला मजकूर वेगळा. नाव डिरेक्टरीत लिहिलेलं असतं, मजकूर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे याची नोंद आयनोडमध्ये असते. आरएम ही कमांड फक्त नाव खोडते. ब्लॉक मोकळे करायचे की नाही हे ठरवताना कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दोन गोष्टी पाहतो: या आयनोडला अजून किती नावं जोडलेली आहेत, आणि किती प्रोसेसनी (चालू प्रोग्रामनी) तो उघडून धरला आहे. दोन्ही आकडे शून्यावर आले तरच जागा परत मिळते. तुमच्या बाबतीत नाव गेलं, पण ज्या सर्व्हिसचा तो लॉग होता ती चालूच आहे. तिने फाइल उघडून धरली आहे आणि बहुधा अजूनही त्यात लिहिते आहे.

डीयू आणि डीएफ यांचा ताळा जुळत नाही तोही याचमुळे. डीयू डिरेक्टऱ्या पालथ्या घालत एकेका नावापाशी जाऊन मोजतो, त्यामुळे नाव नसलेली फाइल त्याच्या गावीच नसते. डीएफ मात्र थेट फाइलसिस्टिमची हिशेबवही वाचतो. दोघंही खरंच बोलतात. तफावत पाच-दहा टक्क्यांची असेल तर मी फारसं लक्ष देत नाही. पण कित्येक जीबींची असेल, तर आधी आरएमवरून हात काढतो आणि तफावतीचं कारण शोधतो. अशा वेळी आणखी फाइली उडवणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

आता ती फाइल सोडवू. ही कमांड चालवा:

सुडो एलएसओएफ +एल१

यातला + नंतरचा एल कॅपिटल आहे. सुडो म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं. जिच्या नावांची संख्या एकापेक्षा कमी, म्हणजे शून्य, पण जी कुणीतरी उघडून धरली आहे अशी प्रत्येक फाइल ही कमांड दाखवते. प्रोसेसचं नाव, तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), फाइल डिस्क्रिप्टरचा क्रमांक (प्रोसेसने उघडलेल्या फाइलला दिलेला आकडा), आकार आणि शेवटी 'डिलीटेड' असा शेरा. तुमची १५ जीबीची फाइल या यादीत दिसायलाच हवी.

सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे ती सर्व्हिस रीस्टार्ट करणं. प्रोसेस संपली की तिने धरलेली फाइल सुटते आणि त्याच क्षणी डीएफचा आकडा उतरतो. सर्व्हिस भर कामाच्या वेळी बंद करता येत नसेल, तर मागच्या दाराने आत शिरता येतं. समजा पीआयडी ४२१७ आणि डिस्क्रिप्टर ५ आहे:

सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/४२१७/एफडी/५

नाव नसलेल्या फाइलपर्यंत पोहोचायची ही वाट कर्नेलनेच ठेवलेली आहे. फाइल शून्यावर येते, प्रोसेसला कळतही नाही. ट्रंकेटऐवजी 'सुडो' लावून पुढे '>' चिन्ह वापरायचा मोह अनेकांना होतो आणि 'परमिशन डिनाइड' खाऊन ते परत येतात. कारण '>' पुढची फाइल तुमचं शेल (टर्मिनलवरच्या कमांड वाचणारा प्रोग्राम) उघडतं, सुडो नव्हे, आणि तुमच्या शेलला ते अधिकार नसतात.

एक इशारा मात्र हवाच. हा प्रयोग फक्त लॉग फाइलवर करा. एलएसओएफच्या यादीत डेटाबेसच्याही काही 'डिलीटेड' फाइली दिसतील. मायएसक्यूएल आपल्या तात्पुरत्या फाइली उघडून लगेच त्यांची नावं खोडतो, तो त्याचा नेहमीचा शिरस्ता आहे. त्या चालू कामाच्या फाइली असतात. त्या रिकाम्या केल्यात तर जागा राहिली बाजूला, डेटाबेसच सावरत बसावं लागेल.

पुढच्या वेळी चालू लॉग फाइल आरएमने उडवूच नका, नाव तसंच ठेवून तिच्यावरच ट्रंकेट चालवा. तरी यातही एक गंमत आहे. काही प्रोग्राम फाइल 'शेवटी जोडत जा' या पद्धतीने न उघडता आपण कुठवर लिहिलं ते स्वतःच लक्षात ठेवतात. फाइल रिकामी झाली तरी पुढची ओळ ते पंधराव्या जीबीच्या पुढेच लिहितात. मग एलएस -एल पुन्हा १५ जीबी दाखवतो आणि माणूस चक्रावतो. प्रत्यक्षात मधला भाग पोकळ असतो, डिस्कवर त्याला जागा लागत नाही. एलएस -एलएस पहिल्या रकान्यात खरे व्यापलेले ब्लॉक दाखवतो, तो पाहिला की जीव भांड्यात पडतो.

कायमचा उपाय लॉगरोटेटचा, म्हणजे ठरावीक काळाने लॉग बदलणाऱ्या प्रोग्रामचा. त्यात दोन पद्धती आहेत. एकीत जुनी फाइल बाजूला सारून प्रोसेसला सिग्नल दिला जातो की आता नवी फाइल उघड. दुसरीत, म्हणजे कॉपीट्रंकेटमध्ये, लॉगची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करतात. दुसरी पद्धत सोपी वाटते, पण प्रत काढणं आणि रिकामं करणं या दोहोंच्या मधल्या क्षणातल्या ओळी हरवू शकतात. शिवाय प्रत काढायला लॉगइतकीच जागा मोकळी असावी लागते, आणि जागा नाही म्हणूनच तर आपण इथे आलो. प्रोग्राम सिग्नल ओळखत असेल तर पहिलीच पद्धत घ्या.

तुमच्या आकड्यांत अजून एक छोटी खोच आहे. ५० पैकी ४७ वापरात, मग शिल्लक तीन दिसायला हवेत, शून्य का? एक्स्ट४ फाइलसिस्टिम तयार होताना पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासकाच्या खात्यासाठी, राखून ठेवते. ५० जीबीवर ते अडीच जीबी झाले, उरलेला फरक डीएफने आकडे वरच्या बाजूला गोल केल्याचा. सिस्टिम पार्टिशनवर ही राखीव जागा असू द्या. डिस्क भरली तरी रूट म्हणून लॉगिन होऊन काम करता येतं ते हिच्याच जिवावर. पण नुसता डेटा ठेवायच्या मोठ्या डिस्कवर पाच टक्के हा निव्वळ अपव्यय आहे. एक टीबीवर सुमारे ५० जीबी अडकून पडतात. तिथे ट्यून२एफएस -एम १ आणि पुढे त्या डिव्हाइसचं नाव एवढं दिलं की राखीव भाग एक टक्क्यावर येतो. डिस्क अनमाउंट करावी (सिस्टिमपासून सुटी करावी) लागत नाही, आतल्या डेटाला धक्का लागत नाही. एकही फाइल न उडवता एवढी जागा मिळवून देणारी दुसरी कमांड मला माहीत नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. माझा क्रम ठरलेला आहे आणि त्यात आरएम फार उशिरा येतो.

सुरुवात डीएफ -एचने. यात टक्केवारीच्या आधी शेवटचा रकाना, म्हणजे पार्टिशन कुठल्या फोल्डरला जोडलेलं (माउंट केलेलं) आहे, तो पाहा. /होम वेगळ्या पार्टिशनवर असताना रूट भरलं म्हणून घरच्या फोल्डरातले व्हिडिओ उडवत बसलेले लोक मी पाहिले आहेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कुठलं पार्टिशन भरलंय हे कळल्यावर त्याच्याच हद्दीत राहून मोजायचं:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

यातला एक्स महत्त्वाचा. तो नसेल तर डीयू माउंट केलेल्या दुसऱ्या डिस्क आणि नेटवर्कवरचे फोल्डरही मोजत सुटतो. सॉर्टच्या -एचमुळे ९०० एमबी आणि २ जीबी यांचा क्रम बरोबर लागतो, साध्या -एनने तो चुकतो. सर्वांत जड फोल्डर शेवटच्या ओळींत दिसेल, मग त्याच्या आत शिरून तीच कमांड पुन्हा. तीन-चार पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. एनसीडीयू हा छोटा प्रोग्राम टाकलेला असेल तर हेच काम बाणांच्या कळांनी होतं आणि मी तोच वापरतो. फक्त त्यात डी ही कळ फाइल उडवते, तेव्हा बोटांवर ताबा ठेवा. डिस्क पूर्ण भरलेली असताना तो नव्याने टाकायला जाऊ नका, टाकायलाही जागा लागते.

एकेकट्या मोठ्या फाइली शोधायच्या तर:

सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप एफ -साइज +५००एम

इथला एम कॅपिटल. -एक्सडेव्ह म्हणजे डीयूच्या -एक्सचाच भाऊ. कुणीतरी 'तात्पुरता' म्हणून ठेवलेला डेटाबेसचा डंप, दोनदा उतरवलेली आयएसओ फाइल, कोसळलेल्या प्रोग्रामच्या कोअर फाइली, असं बरंच काही या एका ओळीत सापडतं. कोअर फाइली सिस्टमडी (सर्व्हिस चालवणारी व्यवस्था) असलेल्या यंत्रांवर /व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडम्पमध्ये जमतात, तो कोपरा लोकांच्या लक्षातच नसतो.

आणि तरीही डीयू-डीएफचा ताळा जुळत नसेल, एलएसओएफही रिकामा असेल, तर? हा प्रसंग माझ्यावर आलेला आहे. एका सर्व्हरवर रात्री बॅकअपची स्क्रिप्ट चालायची आणि वेगळ्या डिस्कवर लिहायची. एकदा सर्व्हर रीबूट झाला तेव्हा ती डिस्क माउंटच झाली नाही. स्क्रिप्टला त्याचं काय? माउंट पॉइंटचा फोल्डर रिकामा होता, तिने त्यातच बॅकअप घेतला, म्हणजे थेट रूट पार्टिशनवर. तीन रात्री असं चाललं. चौथ्या दिवशी कुणीतरी डिस्क माउंट केली, आणि त्या तीन रात्रींचा सगळा माल तिच्याखाली झाकला गेला. डीएफला तो दिसत होता, डीयूला दिसणं शक्यच नव्हतं, आणि मी अर्धा दिवस लॉग चाळत होतो.

यावरची युक्ती म्हणजे रूट फाइलसिस्टिम दुसऱ्या ठिकाणी बाइंड करून पाहणं. एक रिकामा फोल्डर करा, समजा /एमएनटी/मूळ, मग सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ. या दृश्यात वरचे माउंट येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याखाली काय दडलंय ते उघडं पडतं. तिथे डीयू चालवा, खात्री करून कचरा काढा, आणि अनमाउंट करायला विसरू नका. तेव्हापासून मी प्रत्येक माउंट पॉइंटचा रिकामा फोल्डर, डिस्क माउंट नसताना, चॅटर +आयने गोठवून ठेवतो. डिस्क जोडलेली असेल तर काही फरक पडत नाही, नसेल तर स्क्रिप्टला तिथे लिहिताच येत नाही आणि ती आरडाओरडा करून थांबते. अर्थात स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट -क्यूने तपासणी हवी, पण स्क्रिप्ट नेहमी आपणच लिहिलेली असते असं नाही.

कधी कधी जागा भरपूर असते आणि तरी नवी फाइल तयार होत नाही, संदेश तोच. तेव्हा डीएफ -आय चालवा. एक्स्ट४मध्ये आयनोडची संख्या फाइलसिस्टिम तयार करतानाच ठरते, साधारण दर १६ केबीला एक. ५० जीबीच्या पार्टिशनवर सुमारे ३२ लाख ७६ हजार. एखादा वेब प्रोग्राम प्रत्येक भेटीगणिक एक इवलीशी सेशन फाइल लिहीत असेल आणि ती साफ करणारं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद पडलं असेल, तर आयनोड संपतात आणि डीएफ -एच मात्र ४० टक्के दाखवत शांत असतो. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम आयनोड गरजेप्रमाणे तयार करते, तिथे हा त्रास सहसा होत नाही.

एवढ्या फाइली कुठे साठल्यात ते असं शोधा:

सुडो डीयू --आयनोड्स -एक्सएस / | सॉर्ट -एन | टेल

शेवटचा एस कॅपिटल, म्हणजे आतल्या फोल्डरांची संख्या वरच्या फोल्डरच्या माथी मारली जात नाही. सापडलेल्या फोल्डरात आरएम * करायला गेलात तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' असं उत्तर मिळेल, कारण * चा विस्तार शेल करतं आणि लाखो नावं एका कमांडला देता येत नाहीत. तिथे फाइंड वापरावा लागतो. आणि लाखो फाइली गेल्यानंतरही एक्स्ट४वर तो फोल्डर आतून फुगलेलाच राहतो, त्यात एलएस केलं तरी थांबायला लागतं. रिकामा झाला की फोल्डर उडवून नवा करा, मालकी आणि परवानग्या पूर्वीसारख्या लावून.

फाइंड वापरा म्हटलं, पण त्याचा -डिलीट हा पर्याय माझा एकदा घात करून गेलाय. फाइंड आपल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासतो, आणि -डिलीट हीही त्याच्या लेखी एक पायरीच. मी घाईत -डिलीट आधी आणि -एमटाइम +३० नंतर लिहिलं. म्हणजे आधी उडव, मग ती ३० दिवसांपेक्षा जुनी होती का ते बघ. अख्खा फोल्डर गेला. टेस्टचं मशीन होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून आधी -प्रिंट लावून यादी डोळ्यांखालून घालतो, मग वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणतो आणि फक्त शेवटचा शब्द बदलतो. आरएम -आरएफबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, एकच सांगतो: स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलच्या पुढे /* लिहिलं असेल आणि ते व्हेरिएबल रिकामं निघालं, तर आरएमच्या हातात /* पडतं. रूट उडवू न देणारी आरएमची अंगभूत राखण इथे कामी येत नाही, कारण शेलने /* चा विस्तार आधीच करून /बिन, /ईटीसी, /होम अशी वेगवेगळी नावं पुढे केलेली असतात.

काय उडवणं निर्धोक आहे? पॅकेज मॅनेजरच्या कॅशेपासून सुरू करा. डेबियन-उबुंटूवर सुडो ॲप्ट क्लीन. उतरवून झालेली पॅकेजं /व्हार/कॅशे/ॲप्ट/आर्काइव्हजमध्ये पडून असतात, ती जातात. लागलीच तर पुन्हा उतरतात. फेडोरा वर्गात डीएनएफ क्लीन ऑल. त्यानंतरच ॲप्ट ऑटोरिमूव्ह. हा क्रम मुद्दाम सांगतोय, कारण पॅकेज काढताना डीपीकेजीला (ॲप्टच्या खाली काम करणाऱ्या प्रोग्रामला) आपली नोंदवही नव्याने लिहावी लागते आणि काठोकाठ भरलेल्या डिस्कवर ते जमत नाही. क्लीनला तशी अडचण नसते. ऑटोरिमूव्ह जुने कर्नेलही काढतो. /बूट वेगळं आणि लहानसं पार्टिशन असेल तर तेच आधी भरतं, पण तिथल्या फाइली हाताने आरएम करू नका. पॅकेज मॅनेजरला वाटत राहतं की कर्नेल जागेवर आहे, आणि पुढचं अपडेट अर्ध्यात अडकतं. निदान यूनेम -आरने चालू कर्नेल कुठला ते पाहिल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

सिस्टमडीचा जर्नल (त्याचा लॉगसंग्रह) मुळात फाइलसिस्टिमच्या दहा टक्क्यांपर्यंत, पण कमाल ४ जीबीपर्यंत वाढतो. जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेजने आकार पाहा, --व्हॅक्यूम-साइज=५००एमने (शेवटचा एम कॅपिटल) कापा. ही कापणी फक्त बंद झालेल्या जर्नल फाइलींची होते, चालू फाइलीची नाही, म्हणून आधी --रोटेट द्या. कायमची मर्यादा जर्नलडीच्या कॉन्फिग फाइलीत सिस्टिममॅक्सयूज (तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल) या ओळीत घालता येते. जुने लॉग हवेच असतील तर जीझिप करा, मजकुराच्या फाइली चांगल्याच आक्रसतात, पण मूळ फाइल उडण्याआधी तिची दाबलेली प्रत पूर्ण लिहिली जावी लागते. म्हणजे इथेही आधी थोडी मोकळी जागा हवीच. दुसऱ्या पार्टिशनवर प्रत काढणं हा त्यावरचा मार्ग.

घरच्या फोल्डरातलं .कॅशे, पिपचं आणि एनपीएमचं कॅशे, सोडून दिलेल्या प्रकल्पांमधले नोड-मॉड्यूल्स, यांच्यावर वेळ घालवत नाही. ते परत तयार होतात, उडवा.

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारी व्यवस्था) असेल तर मात्र थांबून वाचा, हल्ली भरलेल्या डिस्कमागे मला सर्वांत जास्त वेळा तोच सापडतो. आधी डॉकर सिस्टिम डीएफ. इमेज, कंटेनर, व्हॉल्यूम आणि बिल्ड कॅशे यांनी किती खाल्लंय आणि त्यातलं किती परत मिळेल ते दिसतं. मग डॉकर सिस्टिम प्रून. हा थांबलेले कंटेनर, न वापरातली नेटवर्क, बेवारस इमेज आणि बिल्ड कॅशे काढतो. थांबलेले कंटेनर जातात म्हणजे त्यांच्या आत कुणी डेटा लिहून ठेवला असेल तर तोही जातो, हे ध्यानात असू द्या. -ए जोडलात तर कुठल्याही कंटेनरच्या वापरात नसलेल्या सगळ्या इमेज जातात. त्या पुन्हा ओढता येतात, थोडा वेळ जाईल इतकंच. --व्हॉल्यूम्स मात्र मी चालू सर्व्हरवर कधीच लावत नाही. व्हॉल्यूममध्ये माणसांचा डेटा असतो, आणि देखभालीसाठी अर्धा तास थांबवलेल्या कंटेनरचा व्हॉल्यूमही डॉकरच्या दृष्टीने बिनकामाचाच ठरू शकतो. आणि /व्हार/लिब/डॉकरमधल्या ओव्हरले२मध्ये शिरून हाताने काही उडवू नका. तिथले थर एकमेकांवर रचलेले असतात, एक काढलात तर कुठली इमेज मोडेल सांगता येत नाही.

एवढं करूनही डॉकरची जागा भरत राहिली तर कंटेनरचे लॉग पाहा. नेहमीची जेसन-फाइल पद्धत वापरात असेल आणि मर्यादा घातली नसेल, तर तो लॉग अमर्याद वाढतो. डॉकर सिस्टिम प्रून चालू कंटेनरच्या लॉगला हात लावत नाही. आत्तापुरतं ट्रंकेट चालेल. पुढच्यासाठी डेमनच्या कॉन्फिगमध्ये मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाइल घाला. ही सेटिंग्ज आधीपासून चालू असलेल्या कंटेनरना लागू होत नाहीत, ते नव्याने तयार करावे लागतात. 'सेटिंग केली तरी फरक नाही' म्हणणाऱ्यांचं इथेच चुकलेलं असतं.

डेटाबेसच्या फोल्डरात आरएम वर्ज्य. नावात 'लॉग' आहे म्हणून ती फाइल लॉग असते असं नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीजी_एक्सलॉग नावाचा फोल्डर असायचा, त्यात डेटाबेसमधल्या बदलांची नोंद, म्हणजे वॉल, राहायची. जागा हवी म्हणून लोक तो रिकामा करायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे. शेवटी २०१७मध्ये आलेल्या १०व्या आवृत्तीत त्याचं नाव बदलून पीजी_वॉल केलं गेलं. तो फुगत असेल तर बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीसाठी वॉल राखून ठेवणारी नोंद) शोधा, तोच बहुधा जुनी वॉल अडवून बसलेला असतो. मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगलाही फाइल म्हणून हात लावू नका, डेटाबेसच्या आत जाऊन पर्ज बायनरी लॉग्ज ही आज्ञा द्या, तीही रेप्लिका (डेटाबेसच्या प्रती) कुठवर वाचून झाल्यात ते पाहून. ८.० आवृत्तीत हे लॉग मुळात ३० दिवस राहतात, गर्दीच्या सर्व्हरवर हा काळ खूपच मोठा पडतो. आणि टेबलातल्या ओळी डिलीट केल्या म्हणजे फाइल लहान होत नाही, मोकळी झालेली जागा डेटाबेस स्वतःकडेच ठेवतो. ती डिस्कला परत द्यायला टेबल नव्याने लिहावं लागतं, म्हणजे टेबलाइतकी जागा आधी शिल्लक हवी.

बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइलसिस्टिम वापरत असाल तर वरचं बरंचसं गणित बदलतं. तिथे फाइल उडवूनही जागा येत नसेल तर पहिला संशय स्नॅपशॉटवर (फाइलसिस्टिमच्या त्या-त्या वेळच्या गोठवलेल्या स्थितीवर) घ्या. फाइल जुन्या स्नॅपशॉटमध्ये जिवंत असेपर्यंत तिचे ब्लॉक सुटत नाहीत.

डिस्क शंभर टक्के भरलेली असताना टर्मिनलही विचित्र वागतं. बॅशमध्ये टॅब दाबलं की नाव पूर्ण होण्याऐवजी तात्पुरती फाइल तयार करता येत नाही अशी तक्रार येते. घाबरू नका, नावं पूर्ण टाइप करा. अशा वेळी पहिली दहा मिनिटं निवांत मिळावीत म्हणून मी प्रत्येक सर्व्हरवर एक जीबीची रिकामी फाइल ठेवतो. फॅलोकेट -एल १जी, जी कॅपिटल, आणि पुढे फाइलचं नाव, की झालं. नाव ठळक ठेवतो, 'अडीनडीला_उडवा' असं. डिस्क भरली की ती उडवायची, सर्व्हिस श्वास घेऊ लागतात, आपण शांतपणे एलएसओएफ आणि डीयू चालवायचे, आणि काम झालं की ती फाइल पुन्हा बनवायची. कुठल्याही प्रोसेसने ती उघडून धरलेली नसते, त्यामुळे जागा तत्क्षणी मिळते.

तुमच्या सर्व्हरवर आत्ता एलएसओएफ +एल१ चालवा, १५ जीबीवाल्या ओळीतला पीआयडी कुठल्या सर्व्हिसचा आहे ते पाहा आणि ती रीस्टार्ट करा. मग तिच्या लॉगसाठी लॉगरोटेटची नोंद आहे का ते तपासा. बहुधा नसेल किंवा सिग्नल चुकीच्या प्रोसेसला जात असेल. लॉगरोटेट -डीने प्रत्यक्ष काहीही न करता तो काय करणार होता ते वाचता येतं. आणि ८० टक्के झाले की मेल पाठवणारं क्रॉन लिहाल, तेव्हा त्यात डीएफ -आयचीही एक ओळ घाला.